फ्यूज तारेला सांभाळतो, माणसाला कोण?

आज शाळेतून घरी गेल्यावर मीटरखालच्या फळीकडे जरा निरखून पाहा. हात लावायचा नाही; नुसते पाहायचे. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ, सेनगाव, तालुका कोणताही असो, घर माळवदाचे असो की पत्र्याचे, जुन्या घरांतून ही फळी अजून दिसते. लाकडी चौकट, तिच्यावर लोखंडी डब्यातला मेन स्विच, शेजारी चिनी मातीचे दोन पांढरे 'किटकॅट' आणि त्या सर्वांवर धुळीचा थर. किटकॅटच्या पांढऱ्या अंगावर काळसर डाग दिसतो का? तो डाग म्हणजे तेथे कधी तरी वितळून गेलेल्या तारेची खूण. फ्यूजने आपले काम केल्याचा तो पुरावा आहे, म्हणून त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे: त्यानंतर त्या जागी कोणती तार घातली गेली?

ही फळी बसली तेव्हाचा काळ आठवावा लागेल. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० सालची. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत मराठवाड्यातील खेडोपाडी खांब उभे राहिले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्या वेळच्या साध्या घरात ६० वॅटचे तीन दिवे आणि ७५ वॅटचा एक पंखा असला की ते घर सुखवस्तू समजले जाई. एकूण २५५ वॅट. याला २३० व्होल्टने भागा. विद्युतप्रवाह येतो सुमारे १.१ अँपिअर.

आता त्याच घराची आजची बेरीज करू. पाणी तापवायचा रॉड १५०० वॅट, इस्त्री १०००, मिक्सर ५००, कूलर २००, फ्रीज १५०, आणि दिवे, पंखे, टीव्ही मिळून २५० वॅट. बेरीज ३६०० वॅट, प्रवाह १५.७ अँपिअर. सगळे एकदम चालू नसते हे खरे. पण हिवाळ्यातल्या सकाळी एकीकडे रॉड, एकीकडे इस्त्री आणि स्वयंपाकघरात मिक्सर, असा प्रसंग तुमच्या घरीही येत असेल. म्हणजे प्रवाह जवळजवळ चौदा पट झाला. मग तारेत निर्माण होणारी उष्णताही चौदा पट झाली काय? नाही. मँचेस्टरच्या जेम्स जूलने १८४१ साली दाखवून दिले, की तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चौदाचा वर्ग १९६. पूर्वी ज्या तारेत एक भाग उष्णता निघत होती, तिच्यातच आता जवळजवळ दोनशे भाग निघते. तार मात्र तीच, आजोबांच्या वेळची.

ही उष्णता तारेवरील आवरण वाळवते, तडकवते आणि शेवटी पेटवू शकते. ते होऊ नये म्हणून मंडलात मुद्दाम ठेवलेली कच्ची कडी म्हणजे फ्यूज. पाच अँपिअरच्या फ्यूजसाठी कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार वापरतात. तिचा व्यास असतो अवघा ०.२ मिलिमीटर. विल्यम प्रीस या ब्रिटिश तारायंत्र-अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात प्रयोग करून एक सोपे सूत्र काढले होते. तांब्याच्या तारेचा मिलिमीटरमधील व्यास घ्या, त्याला त्याच्याच वर्गमुळाने गुणा आणि पुन्हा ८० ने गुणा. ज्या प्रवाहाला ती तार वितळेल, तो अँपिअरमध्ये मिळतो. ०.२ मिलिमीटरसाठी उत्तर येते सुमारे ७ अँपिअर. ठीक आहे.

पण रात्री फ्यूज उडतो, घरात फ्यूजची तार नसते, परीक्षा तोंडावर असते. मग कोणी तरी वायरचा उरलेला तुकडा सोलतो आणि तीच तार किटकॅटमध्ये पिळून बसवतो. तिचा व्यास १.४ मिलिमीटर असला, तर प्रीसचे सूत्र सांगते: १३० अँपिअरहून जास्त! आता भिंतीतली वायर आधी जळेल, फ्यूज नंतर. कच्ची कडी पक्की केल्याने साखळी पक्की होत नाही. तुटायची जागा तेवढी बदलते. आणि ती नवी जागा माळवदाच्या लाकडाला खेटून गेलेली असू शकते.

जुन्या फळीवर आणखी एक दोष सापडतो, तो लवकर ध्यानात येत नाही. दोन किटकॅट कशासाठी? एक फेजसाठी आणि दुसरा न्यूट्रलसाठी. पूर्वी तशी रीत होती. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवे विझतात आणि आपल्याला वाटते वीज गेली. प्रत्यक्षात फेज होल्डरपर्यंत आलेलीच असते. अशा वेळी बल्ब बदलायला स्टुलावर चढलेला माणूस फसतो. न्यूट्रलमध्ये असा तोडणारा फ्यूज ठेवू नये, असे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही होते. पण नियम कागदावर आणि किटकॅट भिंतीवर, असे पुष्कळ वर्षे चालले.

भिंतीतल्या तारेविषयीही थोडे सांगायला हवे. जुने वायरमन 'तीन-बावीस'ची वायर म्हणत. म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा एकत्र. पुढे तांब्याच्या टंचाईमुळे घरोघर अॅल्युमिनियमची वायर वापरली गेली. अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक. शिवाय तापल्यावर ते तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावते, आणि स्क्रूखाली दाबले की हळूहळू चपटे होत जाते. दिवसा तापले, रात्री निवाले, असे वर्षानुवर्षे झाले की स्क्रू ढिला पडतो. वर हवेने अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा चढतो, आणि तो वीज वाहून नेत नाही. ढिला सांधा म्हणजे वाढलेला रोध, वाढलेला रोध म्हणजे उष्णता, आणि उष्णतेने सांधा आणखी ढिला. बटणाचा बोर्ड कोमट लागत असेल किंवा जळक्या प्लॅस्टिकचा वास येत असेल, तर तेथे हेच चालले आहे असे समजावे.

मग लोक काय करतात? जुनी फळी काढून तिच्या जागी एमसीबीचा चकचकीत डबा बसवतात. एमसीबी हे फ्यूजचे सुधारलेले रूप. जर्मनीतील मानहाइमच्या ह्यूगो स्टोट्झ यांच्या कारखान्यात १९२४ साली तिचा शोध लागला. तिच्या आत दोन पहारेकरी असतात. एक म्हणजे दोन धातूंची चिकटवलेली पट्टी; जास्त प्रवाहाने ती तापते, वाकते आणि खटका पाडते. दुसरा म्हणजे विद्युतचुंबक. फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटून प्रवाह एकदम उसळला, की तो डोळ्याचे पाते लवायच्या आत खटका ओढतो. पहिला पहारेकरी स्वभावाने सावकाश आहे. १६ अँपिअरच्या एमसीबीतून २३ अँपिअर प्रवाह वाहू लागला, तर ती पडायला जवळजवळ तासभरही लागू शकतो. म्हणून एमसीबी निवडायची ती वायरीच्या ताकदीवरून, घरातल्या उपकरणांच्या हौशीवरून नव्हे. 'सारखी पडते' म्हणून १६ च्या जागी ३२ ची बसवणारा माणूस आणि किटकॅटमध्ये जाड तार पिळणारा माणूस, या दोघांत काही फरक नाही. पहिल्याचा डबा तेवढा नवा आहे.

एमसीबी बसली, वायर सुरक्षित झाली. आता माणसाकडे वळू.

मे महिना. हिंगोलीत पारा ४२ अंशांच्या पुढे. दारात लोखंडी पत्र्याचा कूलर घरघरतो आहे. त्याच्या पाण्यातल्या लहान पंपाच्या वायरीचे आवरण कुजले आहे आणि फेजची तार पत्र्याला टेकली आहे. एक मुलगा अनवाणी, नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवरून येतो आणि कूलरला हात लावतो. ओल्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरू. ओहमचा नियम तुम्हांला येतोच: २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर. फरशीचा आणि जमिनीचा रोध मोजला तर थोडा कमी.

हा प्रवाह कितीसा? एका पंख्याएवढा नाही, त्याहून थोडा कमी-जास्त! १६ अँपिअरच्या एमसीबीला तो जाणवतही नाही. तिच्या मर्यादेचा तो सत्तरावा भाग आहे. फ्यूजचेही तसेच. अमेरिकेतील बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर काळजीपूर्वक प्रयोग केले होते. हातात धरलेली तार स्वतःहून सोडता येईल असा प्रवाह पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांत सुमारे १०.५ मिलिअँपिअर निघाला. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. तीस मिलिअँपिअरच्या पुढे श्वास कोंडू लागतो. पन्नास ते शंभरच्या घरात हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरू लागण्याचा धोका असतो. आपला मुलगा २३० मिलिअँपिअरवर आहे. एमसीबी शांत आहे. कूलर चालू आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार आपल्या देशात अलीकडे दर वर्षी दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने दगावतात. सगळीच घरात नव्हेत; शेतातील पंप, तुटलेल्या तारा हेही त्यात आले. पण घरातल्या घटनांत एमसीबी किंवा फ्यूज 'बिघडलेला' असतोच असे नाही. ते काम त्यांना कधी दिलेलेच नव्हते.

तुम्ही म्हणाल, त्यासाठी अर्थिंग असते ना? असते. तीन टोकांच्या पिनेतले जाड टोक त्यासाठीच. उपकरणाचा पत्रा तारेने जमिनीशी जोडलेला असला, की फुटलेली वीज माणसाऐवजी तारेतून जमिनीत जाते आणि जमिनीतून डीपीजवळच्या अर्थिंगमार्गे परत फिरते. पण आपल्याकडची जमीन कोणती? काळी. पावसाळ्यात ती चिंब असते आणि वीज चांगली वाहून नेते. उन्हाळ्यात मात्र हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि अर्थिंगच्या नळीभोवतीची माती तिच्यापासून सुटते. नेमका कूलरचा हंगाम तोच! समजा अर्थिंगचा रोध २० ओहम झाला आणि डीपीकडचा रोध आपण सोयीसाठी सोडून दिला. २३० भागिले २० म्हणजे ११.५ अँपिअर. १६ ची एमसीबी हा प्रवाह जन्मभर वाहू देईल. अडीच किलोवॅटहून जास्त वीज जमिनीत मुरत राहील, मीटर पळत राहील आणि पत्रा मात्र जवळजवळ २३० व्होल्टवरच. हाच रोध २ ओहम असता तर प्रवाह ११५ अँपिअर झाला असता आणि एमसीबी काही क्षणांत पडली असती. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात आणि उन्हाळ्यात नरसाळ्यातून पाणी ओततात. तुमच्या घरी कोणी ओतते का?

पूर्वी काही घरांत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळून टाकत. ती पद्धत चुकीचीच होती, तरी काही काम होई. आता पाइप प्लॅस्टिकचे झाले. तार तशीच गुंडाळलेली आहे, पण ती कुठेच जात नाही. अशी अर्थिंग नसलेली बरी, कारण घरातल्यांना वाटते की ती आहे.

या कोंडीतून सोडवणारे उपकरण म्हणजे आरसीसीबी. दुकानात लोक अजूनही 'ईएलसीबी' म्हणूनच मागतात. तिची युक्ती इतकी साधी आहे, की आपल्याला आधी कशी सुचली नाही असे वाटावे. फेजमधून जितका प्रवाह घरात आला, तितकाच न्यूट्रलमधून परत गेला पाहिजे. मधे कोठे गळती असेल तरच परतीचा प्रवाह कमी भरेल. म्हणून फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच लोहचुंबकीय कड्यातून नेतात. येणारा आणि जाणारा प्रवाह सारखा असला, की दोघांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना खोडून काढतात आणि कडे स्वस्थ राहते. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, की कड्यावर गुंडाळलेल्या तिसऱ्या वेटोळ्यात विद्युतदाब उत्पन्न होतो आणि खटका पडतो. गळती मोठी असेल तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात. घरात एक अँपिअर चालू आहे की वीस, याच्याशी तिला कर्तव्य नाही. ती फक्त वजाबाकी करते.

हिंगोलीच्या मुलांना तर ही कल्पना परकी वाटू नये. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे लायगो-इंडियाची वेधशाळा उभारण्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तेथेही तत्त्व असेच: काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून लेसरचे किरण पाठवायचे आणि परतल्यावर त्यांची एकमेकांशी तुलना करायची. दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीने पडलेला अतिसूक्ष्म फरक त्यातून कळतो. मोठ्या गोष्टीतला लहानसा बदल पकडायचा असेल, तर तिच्यासारखीच दुसरी गोष्ट तिच्याशेजारी ठेवून वजाबाकी करावी, ही भौतिकशास्त्रातली जुनी हातोटी आहे.

आता पुन्हा कूलरकडे. अर्थिंगचा रोध २० नव्हे, ५०० ओहम झाला, तरी गळती ४६० मिलिअँपिअर. आरसीसीबीला ती पंधरा पट जास्त आहे. म्हणजे जी वाळलेली अर्थिंग एमसीबीला हलवू शकत नव्हती, ती आरसीसीबीला पुरेशी होते. मग अर्थिंग हवीच कशाला, असे कोणी विचारील. अर्थिंग नसेल तर गळतीला पहिली वाट मिळते ती तुमच्या शरीरातून. खटका पडेल, पण झटका बसल्यावर. अर्थिंग असेल तर पंपाची वायर ज्या क्षणी पत्र्याला टेकेल त्याच क्षणी खटका पडतो. तुम्ही शेजारच्या खोलीत झोपलेले असता. दोन्ही एकत्र हवीत ती एवढ्यासाठी.

आरसीसीबीलाही मर्यादा आहेत. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर ती काही करू शकत नाही. तिच्या दृष्टीने तुम्ही एक बल्ब आहात. नुसती आरसीसीबी जादा भार किंवा शॉर्ट सर्किटही ओळखत नाही, म्हणून तिच्यापुढे एमसीबी लागतातच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमावलीत घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरचीच मर्यादा दिली आहे. दुकानदार १०० ची दाखवू लागला, तर घरासाठी ती घेऊ नये.

जुन्या घरात ती बसवली, की पहिल्याच दिवशी एक गंमत होते. ती पडते. उचलली की पुन्हा पडते. घरातली मंडळी वैतागून म्हणतात, 'नवा डबा खराब निघाला.' पुष्कळदा डबा चांगला असतो आणि घर खराब असते. कोठे ओलसर भिंतीतून खरीच गळती असते. कोठे वायरमनने तार वाचवण्यासाठी एका खोलीचा न्यूट्रल दुसऱ्या खोलीच्या न्यूट्रलशी जोडलेला असतो, त्यामुळे गेलेला प्रवाह भलत्याच वाटेने परत येतो. आणि काही गावांत न्यूट्रल नीट मिळत नाही म्हणून दिव्याची दुसरी तार सरळ अर्थिंगला जोडण्याची सवय आहे. हा प्रकार सर्वांत वाईट, कारण अशाने शेजारच्या अर्थिंगच्या तारेतही वीज येऊ शकते. हे दोष शोधून काढण्याऐवजी आरसीसीबीला वळसा घालून तार जोडून टाकणारे महाभाग आहेत. पैसे गेले आणि पहारेकरीही गेला.

म्हणून काम उलट्या टोकाने सुरू करावे. आधी अर्थिंग तपासून किंवा नवे घालून घ्यावे, मग भिंतीतल्या वायरी पाहाव्यात, प्रत्येक भागाचा न्यूट्रल वेगळा करावा आणि डबा शेवटी बसवावा. दिव्या-पंख्यांना ६ अँपिअरची एमसीबी आणि दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चालते. रॉड, इस्त्री, कूलरच्या सॉकेटना १६ ची एमसीबी आणि त्याहून जाड वायर. मीटर आणि त्याच्या आधीची केबल महावितरणची. त्यांच्या सीलला कोणीही हात लावायचा नाही. २००५ साली विद्युत मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, तेव्हापासून वीज घरोघर देण्याचे काम महावितरणकडे आहे. घराचा भार वाढला असेल तर मंजूर भार वाढवण्याचा अर्जही तेथेच करावा लागतो. मीटरच्या पुढचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करवून घ्यायचे. हे काम तुमचे नाही, आणि हौशी काकांचेही नाही.

तुमच्या वाट्याला दोन कामे येतात. घरात आरसीसीबी असेल तर तिच्यावर 'टी' लिहिलेले लहान बटण असते. महिन्यातून एकदा वडीलधाऱ्यांना सांगून ते दाबा. ते आतल्या आत मुद्दाम गळती निर्माण करते. खटका पडलाच पाहिजे. नाही पडला तर आरसीसीबी बदलायची वेळ झाली.

दुसरे काम मीटरचे. जुन्या मीटरात अॅल्युमिनियमची चकती फिरायची. आताच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी '३२००' किंवा '१६००' असा आकडा छापलेला असतो. एका युनिटला तो दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. ३२०० च्या मीटरवर ४५ सेकंदांत १० वेळा लुकलुकला, तर घरात त्या वेळी २५० वॅट खर्च होत आहेत. गणित करून पाहा. आता मेन चालू ठेवून घरातली सगळी बटणे बंद करा, फ्रीज आणि टीव्हीच्या पिना बटण बंद करून काढून घ्या, आणि घड्याळ घेऊन दहा मिनिटे दूर उभे राहून मीटरकडे पाहा. मिनिटभर पाहून चालणार नाही. दहा वॅटचा विसरलेला सेटटॉप बॉक्स असला तर ३२०० च्या मीटरवर दिवा जवळजवळ दोन मिनिटांनी एकदाच लुकलुकतो. सारे काढूनही तो लुकलुकतच राहिला, तर वीज कोठे तरी मुरते आहे. किती वेळात किती वेळा लुकलुकला ते तारखेसह वहीत लिहा आणि वायरमन येईल तेव्हा तो कागद त्याच्या हाती द्या.